प्रवाळांच्या टाकीसाठी एलईडी दिवा घेताना झालेली फसवणूक

घरच्या साठ लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी पुण्यातील एका दुकानातून मी एलईडी दिवा घेतला, तेव्हा विक्रेत्याने पांढरे एलईडी बंद ठेवून केवळ निळ्या प्रकाशात प्रवाळ दाखवले. त्या प्रकाशात बहुतेक प्रवाळ झगमगतात, त्यामुळे गिऱ्हाईक भुलते. परंतु दिव्याची ताकद त्यावरून मुळीच कळत नाही. पुढे त्याने पार (PAR) मोजणारा मीटर दिव्याखाली वीतभर अंतरावर, हवेत, बरोबर मध्यभागी धरून ३०० चा आकडा दाखवला. पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येणारा प्रकाश, आणि अंतर वाढले किंवा कडेला सरकले की तो झपाट्याने घटतो. घरी मित्राच्या मीटरने प्रवाळांच्या दगडावर मोजला, तेव्हा तो जेमतेम ४० भरला. मऊ प्रवाळांनाही साधारण ५० ते १५० लागतो.

खोक्यावर '१०० वॅट' असे ठळक छापलेले आहे. अडॅप्टरवर मात्र बारीक अक्षरांत २४ व्होल्ट आणि २ अँपिअर लिहिले आहे, म्हणजे त्यातून मिळणारी वीज फार तर ४८ वॅट. जाब विचारल्यावर विक्रेत्याने शांतपणे हिशेब मांडला की, ३३ एलईडी आहेत, प्रत्येक ३ वॅटचा, झाले ९९. ही एलईडीची कमाल क्षमता झाली. तो प्रत्यक्षात किती विजेवर चालवला आहे हे तिच्यावरून ठरत नाही, आणि हे त्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

दरम्यान झोअँथिड या प्रवाळाचे देठ उजेडाकडे लांबत गेले आणि लेदर कोरल हा मऊ प्रवाळ तपकिरी पडला, कारण उजेड अपुरा असला की प्रवाळाच्या अंगातील सूक्ष्म शैवालात रंगद्रव्य वाढते. विक्रेत्याने दोष माझ्या पाण्याला दिला.

पक्के बिल मागितले तर 'जीएसटी वर लागेल' असे सांगून वॉरंटी व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेनाने लिहून देण्याची, आणि पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय खात्यावर घेण्याची तिथे रीतच आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी अडॅप्टरवरचे आकडे वाचावेत, दिवा वॅटमीटर लावून पूर्ण प्रखरतेवर चालवून पाहावा आणि मॉडेलचे नाव असलेले बिल घ्यावे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली असून खोके, अडॅप्टर आणि वॅटमीटर यांची छायाचित्रे व यूपीआयची पावती जपून ठेवली आहे.