बारा बोर की तीनशेपंधरा? डुकरांसाठी बंदूक घेणाऱ्या कास्तकाराला

हरभरा घाट्यावर आला की डुकरांचा कळप एका रात्रीत धुऱ्यापासून आतपर्यंत शेत नांगरून टाकतो. अशा दोन-चार रात्री जागल केली की माणूस परवान्याच्या अर्जापर्यंत येतो आणि तिथं अडतो : बारा बोर, म्हणजे गुळगुळीत नळीची छर्ऱ्यांची बंदूक, घ्यावी की रायफल? माझं मत आधीच सांगतो. रान सपाट असेल तर बारा बोर.

.३१५ रायफल चांगलं हत्यार आहे, यात वाद नाही. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, आठ मिलिमीटरची, पाच काडतुसांचं मॅगझिन. २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची गोळी शंभर मीटरवरच्या मोठ्या रोह्यालाही (नीलगायीलाही) जागेवर बसवते. नेम पक्का असलेल्याच्या हातात जनावर जखमी होऊन पळण्याची भीती कमी. पण चुकलेली गोळी कुठं जाते? आपल्याकडं काळ्या रानात मागं ना टेकडी ना दरड. ती गोळी दोन-दोन किलोमीटर जाऊ शकते, आणि तुरीच्या पल्याड दुसऱ्याच्या मचाणावरही कोणी जागलच करत असतो. रात्री बॅटरीच्या उजेडात डुक्कर दिसतं, त्याच्या मागचं काही दिसत नाही. रायफल वापरायचीच, तर उंच मचाणावरून, खाली जमिनीकडं नळी ठेवूनच.

बारा बोरचे एलजी, म्हणजे मोठ्या आकाराचे, छर्रे खरं काम करतात ते तीस-चाळीस मीटरच्या आत. त्यापुढं ते फाकतात, डुक्कर नुसतं जखमी होतं, आणि सुळेवालं जखमी डुक्कर सकाळी निंदायला आलेल्या बायांवर धावून जातं. म्हणून जवळ येईस्तोवर थांबायचा दम हवा. दुनळी घेतली तर एका नळीत एलजी, दुसरीत अखंड गोळीचं काडतूस ठेवता येतं. ही गोळी साठेक मीटरपर्यंत भरवशाची, पण तीही लांब जाते, मागं काय आहे ते पाहूनच सोडावी.

काहींना .३७५ मॅग्नम या जड रायफलीची ओढ असते. ३०० ग्रेनची गोळी, .३१५ पेक्षा कितीतरी जास्त जोर, आफ्रिकेत हत्ती-रानरेड्याच्या शिकारीसाठी नावाजलेली. आपल्या वावरात तिचं काहीच काम नाही.

परवान्याचंही बघा. शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी गुळगुळीत नळीची आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांची वेगळी सोय आहे. रायफलीसाठी सबळ कारण पटवून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा आजोबांची बंदूक तुमच्या नावावर असेल तर एकच जागा उरली.

आणि परवाना हातात आला म्हणून डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. नुकसानीचा पंचनामा करून अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, पोच घ्या. मारलेलं जनावर सरकारजमा होतं. वाटे घालायला बसू नका.