लायसन्सचे पैसे घेतले आणि शाखाशाखांत चोरीचं विंडोज टाकून गेले

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तारीख खरी आहे, आणि तिच्याच जोरावर त्याआधीचं वर्षभर 'सगळे कॉम्प्युटर अपग्रेड करून देतो' म्हणणाऱ्यांची कंपन्यांच्या दारात रीघ लागली होती. आमच्या मालवाहतूक कंपनीला त्यातल्याच एकाने लाखांना गंडवलं. मी भिवंडीला हेड ऑफिसमध्ये अकाउंट्स बघते. चाकण, वाळूज, अंबड, कुपवाड, बुटीबोरी, गोव्यात वेर्णा अशा ठिकाणी आमच्या शाखा आहेत, पण आयटीचा स्वतःचा माणूस नाही. ज्यांचं असंच आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

व्हेंडरचा माणूस २०२५ च्या जानेवारीत शेठना येऊन भेटला. १४ ऑक्टोबरनंतर कॉम्प्युटर सुरूच होणार नाहीत, ई-वे बिलाचं पोर्टल उघडणार नाही, आणि विंडोज ११ साठी प्रत्येक मशीनला नवीन लायसन्स घ्यावंच लागतं, असं त्याने सांगितलं. तिन्ही गोष्टी खोट्या. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट बंद झाले. मशीन चालतच राहतं. ते धोक्याचं आहे हे खरं, पण 'बंद पडणार' हे साफ खोटं. आणि ज्या मशीनवर विंडोज १० चं मूळ लायसन्स आहे आणि ज्याचं हार्डवेअर बसतं, त्याला विंडोज ११ मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळतं.

हार्डवेअर बसतं की नाही हे कळायला इंजिनिअर लागत नाही. साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा, एवढं पाहायचं. पिढी प्रोसेसरच्या नावातच असते. आय३-६१०० मधला डॅशनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी, ते बसत नाही. आय५-८४०० बसतो. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप हेच तपासून स्पष्ट सांगतं. आमची अर्ध्याहून जास्त मशीन आठव्या पिढीची किंवा त्यापुढची, ब्रँडेड आणि मूळ लायसन्ससकट घेतलेली. म्हणजे तिथे लायसन्सपोटी एक रुपयाही द्यायचा नव्हता. कोटेशनमध्ये मात्र सरसकट प्रत्येक मशीनला लायसन्सची रक्कम लावलेली होती. उरलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ नियमाप्रमाणे चढतच नाही. तेव्हा प्रामाणिक माणसाने तिथे 'हे बदला' किंवा 'हे राहू द्या' असं सांगायला हवं होतं. याने त्यांचेही पैसे लावले.

काम मार्चअखेर पूर्ण दाखवलं. मार्च एंडच्या गडबडीत बिल पास व्हावं असाच बेत असणार, हे आता मागे पाहिल्यावर कळतं. बिलात 'लायसन्ससह ओएस अपग्रेडेशन' अशी एकच ओळ होती आणि तिच्यापुढे ९९८७१३ हा जीएसटीचा सेवा-कोड. हा कॉम्प्युटर दुरुस्ती-देखभालीचा कोड आहे. सॉफ्टवेअर वापरण्याच्या लायसन्सचा ९९७३३१. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, जीएसटी दोन्हीकडे अठराच टक्के आहे, फरक काय पडतो?" करात फरक पडत नाही हे खरंच. फरक पडतो तो असा, की उद्या 'तुम्ही आम्हाला लायसन्स विकलं होतं' हे सिद्ध करायची वेळ आली तर बिल आपल्या बाजूने बोलत नाही.

शाखा विखुरलेल्या असल्या की हा धंदा फार सोपा होतो. भिवंडीतली मशीन त्याने रीतसर केली, कारण ती शेठच्या डोळ्यांसमोर होती. बाहेरगावी पोरं पाठवली. शाखेतला बुकिंग क्लार्क गाड्या लागायच्या वेळी घाईत असतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बिल्टी (मालाची पावती) निघाली, टॅली उघडलं, की तो जॉब शीटवर सही करून मोकळा. त्याची काहीच चूक नाही, त्याला दुसरं काय तपासायचं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. हेड ऑफिसला पुरावा म्हणून प्रत्येक मशीनचा 'विंडोज इज ॲक्टिव्हेटेड' असा स्क्रीनशॉट आला. चोरीचं विंडोजही अगदी हेच दाखवतं.

उघड झालं ते दसऱ्याच्या सुमारास. बुटीबोरीहून क्लार्कचा फोन आला, "ताई, स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं पुसट आलंय, जातच नाही." व्हेंडरला फोन लावला तर उत्तर आलं, अँटिव्हायरस काढून टाका, आमचा मुलगा रिमोटवर येऊन पाच मिनिटांत करेल. अँटिव्हायरस काढायला सांगणाऱ्याला त्याच क्षणी थांबवावं. मी रिमोट नाकारला आणि भाच्याला, जो नेटवर्किंगच्या कामात आहे, फोनवर घेतलं. त्याने क्लार्ककडून दोन-तीन कमांड मारून घेतल्या आणि चित्र लख्ख झालं.

त्या कमांड इथे देते. इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायचं. तिथे डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर लिहिलं की कोणतं विंडोज आहे ते दिसतं. आमच्या कोटेशनमध्ये 'प्रो' होतं, स्क्रीनवर 'एंटरप्राइज'. व्हेंडर यावर म्हणाला, "वरचं व्हर्जन दिलंय, मॅडम." एंटरप्राइज असं सुटं एकेका मशीनला दुकानातून मिळत नाही, ते मोठ्या कराराखाली किंवा सबस्क्रिप्शनवर मिळतं, आणि आमचा असा कुठलाच करार नाही. मग एस-एल-एम-जी-आर, जागा सोडून स्लॅश एक्स-पी-आर. अस्सल मशीनवर 'कायमचं ॲक्टिव्हेट' अशा अर्थाची ओळ येते. बनावटवर बहुतेक वेळा मुदत संपण्याची तारीख येते. शेवटी तीच कमांड स्लॅश डी-एल-व्ही लावून. ब्रँडेड मशीनच्या मूळ लायसन्सला त्यात 'ओईएम' (म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेलं) दिसतं. आमच्याकडे 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' होतं आणि खाली कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरचं नाव.

केएमएस ही मायक्रोसॉफ्टचीच कायदेशीर सोय आहे, मोठ्या कंपन्यांसाठी. कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि निदान २५ मशीन त्याला जोडलेली लागतात. मशीन सर्व्हरकडून १८० दिवसांची परवानगी घेतं आणि ती दर ७ दिवसांनी पुढे ढकलत राहतं. चोरटे ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स नसताना विंडोज ॲक्टिव्हेट करणारे प्रोग्राम, याच सर्व्हरची नक्कल करतात. बुटीबोरीत एप्रिलच्या सुरुवातीला अँटिव्हायरसचं नूतनीकरण झालं, नव्या अँटिव्हायरसने तो ॲक्टिव्हेटर उडवला, आणि तिथून १८० दिवस मोजले की बरोबर ऑक्टोबर येतो. बाकी शाखांत तो निमूट चालू होता, कारण पोरांनी जाताना विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, डिफेंडरमध्ये, त्याचं फोल्डर अपवाद म्हणून टाकून ठेवलं होतं. म्हणजे पहारेकऱ्यालाच सांगून ठेवलं, इकडे बघू नकोस. याच मशीनवरून आम्ही बँकेत लॉगइन करत होतो, डिजिटल सहीचं टोकन लावत होतो. अशा ॲक्टिव्हेटरच्या आडून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम घुसवल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे त्याच दिवशी सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलले.

सगळ्यात राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या मशीनमध्ये मूळ लायसन्सची की मदरबोर्डमध्येच बसवलेली होती, तिथेही यांनी फॉरमॅट मारून हे चोरीचं टाकलं, कारण एकाच पेनड्राइव्हने सगळीकडे काम उरकतं. जुन्या मशीनवर टीपीएमची तपासणी चुकवून चढवलं. तसं चढतं, पण मायक्रोसॉफ्ट त्याला सपोर्ट करत नाही आणि पुढची मोठी व्हर्जन आपोआप येत नाहीत. कुपवाडला एसएसडी लावताना जुन्या हार्डडिस्क 'स्क्रॅप' म्हणून घेऊन गेले. त्यात ड्रायव्हर लोकांच्या आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या प्रती होत्या, पार्ट्यांचे रेट होते. त्या डिस्क आजवर परत मिळालेल्या नाहीत.

व्हेंडरचा फोन लागेनासा झाला, वकिलाची नोटीस 'पत्त्यावर नाही' म्हणून परत आली. पोलिसांकडे अर्ज दिला तेव्हा प्रथम 'हा तुमचा व्यवहाराचा वाद आहे' असं ऐकावं लागलं. कोटेशन, बिल, स्क्रीनशॉट आणि कमांडचे फोटो शाखावार लावून दिल्यावर अर्ज घेतला गेला. म्हणून मशीन पुसण्याआधी हे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. मात्र फोटो झाल्यावर उशीर करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे, ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. एकदा कळल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही.

दुरुस्ती भाच्याच्या देखरेखीखाली झाली. आठव्या पिढीपुढच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं विंडोज ११ टाकलं. मूळ लायसन्स असल्याने ती आपोआप ॲक्टिव्हेट झाली, लायसन्सचा खर्च शून्य. जुन्यांपैकी काही बदलली. बाकीच्यांवर अस्सल विंडोज १० परत बसवून सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत घेतली. कंपन्यांना ती पहिल्या वर्षी दर मशीन ६१ डॉलर पडते, दर वर्षी दुप्पट होते आणि जास्तीत जास्त तीन वर्षं मिळते. त्यामुळे ती मशीनही फार काळ ठेवणार नाही.

आमच्या परचेस ऑर्डरमध्ये आता वेगळ्या अटी असतात. लायसन्स आणि मजुरी वेगवेगळ्या ओळीत. व्हॉल्यूम लायसन्स (अनेक मशीनसाठी एकत्र घेतलेलं) असेल तर ते कंपनीच्याच नावच्या मायक्रोसॉफ्ट ॲडमिन पोर्टलवर दिसलं पाहिजे, व्हेंडरच्या पीडीएफ सर्टिफिकेटवर नाही. प्रत्येक शाखेतला माणूस त्या कमांड स्वतः मारून मशीनच्या सीरियल नंबरसकट फोटो हेड ऑफिसला पाठवतो, मगच जॉब शीटवर सही. जुनी डिस्क शाखेबाहेर जात नाही. आणि बिलाचा एक हिस्सा सात महिने रोखून ठेवतो, म्हणजे ते १८० दिवस उलटून गेल्यावरच तो सुटतो.