इम्प्लांटच्या बारला जोड कशाचा: सोल्डर, टिग की लेझर?

चार-पाच इम्प्लांटवरचा खालच्या जबड्याचा बार (कवळी धरणारा धातूचा दांडा) अखंड ओतला की तो ताण न देता बसणं कठीणच. मग पातळ डिस्कने कापायचा, तोंडात पॅटर्न रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने) तुकडे धरून नव्याने इंडेक्स (तुकड्यांच्या नेमक्या जागेची नोंद) घ्यायचा आणि जोडायचा. मिलिंग (ठोकळ्यातून यंत्राने बार कोरणं) हाताशी नाही असं धरूया.

सोल्डरिंग स्वस्त पडतं आणि कोबाल्ट-क्रोमला चालतं, टायटॅनियमसाठी विसरा. फट ०.२-०.३ मिमी ठेवली तरी खरी कटकट पुढे आहे. बार कास्टवरून (जबड्याच्या प्रतिकृतीवरून) उचलून इन्व्हेस्टमेंटमध्ये (उष्णता सोसणाऱ्या साच्याच्या मसाल्यात) गाडावा लागतो. मग इन्व्हेस्टमेंट किती फुगलं, सोल्डर किती आकसलं, हे सगळं थंड करून फोडल्यावरच कळतं. टोक उचललेलं निघालं की परत डिस्क. माझ्या लेखी सोल्डरिंग इथेच मागे पडतं.

लेझरमध्ये बार अ‍ॅनालॉगवर (कास्टमधल्या, इम्प्लांटच्या नकली प्रतीवर) स्क्रूने आवळलेलाच राहतो. तुकडे एकमेकांना टेकलेले हवेत. फट राहिली तर भरलेला धातू आकसताना बार ओढतो. आधी समोरासमोर टाचे मारायचे, मग बाजू बदलत, प्रत्येक ठिपका आधीच्यावर बराचसा चढवत जायचं. मधूनमधून एका टोकाचा स्क्रू ठेवून बाकीचे काढा आणि दुसरं टोक भिंगातून बघा. उचललं असेल तर बार काढून खालच्या अंगाला दोन-चार ठिपके मारले की बहुधा खाली येतं. बाकीची खालची बाजू मात्र शेवटी, बार काढूनच. टायटॅनियमचा जोड चंदेरी किंवा फिकट पिवळा चालेल. निळा किंवा राखाडी झाला तर आर्गॉन (जोडाला हवेपासून वाचवणारा वायू) कमी पडला. असा जोड ठिसूळ, कापून पुन्हा करा.

टिगचं (आर्गॉनच्या आवरणात विजेच्या ठिणगीने वितळवून जोडण्याचं) यंत्र स्वस्त आणि धातू खोलवर वितळतो, हे मान्य. जाड बारमध्ये लेझर गाभ्यापर्यंत पोचत नाही आणि बार तिथूनच तुटतो. पण टिगची उष्णता पसरते, त्यामुळे ओढही जास्त वाटते, आणि जवळ अ‍ॅक्रिलिक असेल तर धास्तीच. म्हणून जाड बारच्याही कडा दोन्ही अंगांनी तिरप्या घासून फक्त मध्य टेकवायचा, तो आधी लेझरने जोडायचा आणि खाच त्याच धातूच्या तारेने भरायची. वेळ लागतो. लांब कँटिलिव्हरच्या (शेवटच्या इम्प्लांटपलीकडे आधाराविना निघालेल्या भागाच्या) मुळाशीच जोड येत असेल तर टिगचा विचार जरूर करा. त्याहून बरं म्हणजे जोडच तिथून हलवा.

आणि ओतणाऱ्याला कमी कार्बनचा कोबाल्ट-क्रोम वापरायला आधीच सांगा. जास्त कार्बनचा असेल तर लेझरचा जोड थंड होतानाच तडकू शकतो.