सायक्लोन डस्ट कलेक्टरच्या अभ्यासासाठी ओपनफोम : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये टेबल सॉ, थिकनेसर आणि सँडर यांचा भुसा एकाच सायक्लोनमधून, म्हणजे हवा गरगर फिरवून तिच्यातला भुसा वेगळा करणाऱ्या शंकूसारख्या पात्रातून जातो. जाड भुसा खालच्या पिंपात नीट पडत असे, पण पुढचा फिल्टर मात्र फार लवकर तुंबत होता. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात स्पष्ट नोंदवले आहे. त्यामुळे पिंप चुकवून निघणारी बारीक धूळ नेमकी कुठून सुटते, हे समजून घेणे मला फिल्टरच्या खर्चापेक्षा महत्त्वाचे वाटले. त्यासाठी २००४ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेले ओपनफोम हे हवा-द्रवांच्या प्रवाहाचे संगणकावर गणित करणारे सॉफ्टवेअर निवडले. सायक्लोनची आकृती फ्रीकॅडमध्ये काढली आणि निकाल पॅराव्ह्यूमध्ये पाहिले. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या प्रकल्पाचे शिक्षणसाहित्य सुरुवातीला फार उपयोगी पडले.

या कामात खळबळीचे (हवेच्या अस्ताव्यस्त घुसळणीचे, म्हणजे टर्ब्युलन्सचे) गणिती प्रारूप कोणते घ्यायचे, हे सर्वांत निर्णायक ठरते. सायक्लोनमध्ये हवा भिंतीलगत गिरक्या घेत खाली उतरते आणि मधल्या भोवऱ्यातून वर परतते. प्रचलित के-एप्सिलॉन प्रारूप खळबळ सर्व दिशांना सारखीच धरते, त्यामुळे हा आतला भोवरा त्यात ओळखू न येण्याइतका बदलतो. दिशेनुसार खळबळ वेगवेगळी धरणाऱ्या रेनॉल्ड्स स्ट्रेस प्रारूपाने गणित बरेच लांबते आणि कधी मधेच कोसळतेही; मात्र त्यातून मिळालेला दाबातील फरक पाण्याच्या यू-नळीने मोजलेल्या फरकाच्या जवळ आला, आणि तेव्हापासूनच मी पुढच्या निकालांवर विसंबू लागलो.

दोन गोष्टी त्या चित्रांतून स्पष्ट झाल्या. आत येणाऱ्या हवेचा काही भाग खाली न उतरता वरच्या निर्गम नळीच्या काठावरून थेट बाहेर पळतो आणि बारीक धूळ सोबत नेतो. दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती : आमचा पंखा सायक्लोननंतर बसवलेला असून त्यातून हवा ओढून घेत असल्यामुळे पिंपातही बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, आणि झाकणाशी लहानशी फट ठेवून गणित केले तर तिथून शिरणारी हवा खाली पडलेली धूळ मधल्या भोवऱ्यात पुन्हा वर उचलते. झाकणाला रबरी गॅस्केट बसवल्यावर फिल्टर पूर्वीपेक्षा बराच उशिरा झाडावा लागू लागला. इतक्या स्वस्त दुरुस्तीचे महत्त्व केवळ बाहेरून पाहून मला कधीच पटले नसते.

यंत्रांपासून सायक्लोनपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांसाठी (डक्टसाठी) मात्र एवढा खटाटोप करू नये. लाकडाच्या भुशासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर ठेवण्याचा रूढ नियम आणि साधे घर्षणाचे सूत्र तिथे पुरते.

मर्यादाही आहेत. मी वापरलेल्या पद्धतीत प्रत्येक कण गोल धरला जातो, म्हणून एमडीएफच्या बारीक धुळीचे अंदाज उपयोगी ठरले, तरी थिकनेसरच्या लांब, वळलेल्या ढलप्या नळीच्या वळणावर कशा अडकतील, याबाबत या गणितावर भिस्त ठेवता येत नाही.