बीएड कॉलेजातले शनिवारचे वर्ग: आईला न्या, पण दिवाळीच्या आधी

आमच्या इथल्या एका बीएड कॉलेजात (नाव टाकत नाही, पुढे तक्रार पण आहे) दर शनिवारी दुपारी आजूबाजूच्या लोकांसाठी वर्ग असतात, फी काही नाही, फॉर्म भरून आधारची झेरॉक्स दिली की झालं. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचं युनिट आहे तिथे आणि शिकवतात ती बीएडचीच मुलं.

मी आईला मोबाईलच्या वर्गाला घातलं. वय ७१. घरी मी शिकवायला बसले की दुसऱ्या मिनिटाला "अगं मघाशीच सांगितलं ना" आणि मग दोघी गप्प. तिथली मुलगी मात्र चौथ्यांदा विचारलं तरी पहिल्यांदाच सांगतेय अशी सांगते. आणि बीएडवाले ना ते, चक्क पाठ टाचण काढून येतात, उद्दिष्टं बिद्दिष्टं लिहून 😄 एकीने तर पुठ्ठ्याचा हातभर मोठा मोबाईल केला होता, स्क्रीनच्या पट्ट्या सरकवायच्या, पिनची पट्टी आली की सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं "पैसे घ्यायला पिन लागत नाही". आजीलोक शाळेत पाढे म्हणावेत तसं म्हणत होते. आई आता फसवणुकीचा फोन आला तर करायचा १९३० नंबर कॅलेंडरवर लिहून बसलीय आणि येईल त्याला दाखवते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना पण पाठवलं, त्यांच्यासाठी साक्षरतेचा वेगळा वर्ग आहे. केंद्र सरकारचा उल्लास कार्यक्रम, १५ वर्षांच्या पुढचं कुणीही चालतं, शेवटी १५० मार्कांची परीक्षा, वाचन लेखन संख्याज्ञान प्रत्येकी ५०. मावशी आधी अंगठा लावायच्या, आता सही करतात, फक्त सहीला एवढा वेळ लागतो की बँकेतला माणूस मान वर करून बघतो, पण त्या काही घाई करत नाहीत.

आता तक्रार. या मुलांना विस्तार कार्याचे (म्हणजे असं कॉलेजबाहेरच्या लोकांसाठी केलेल्या कामाचे) १२० तास भरले की १० मार्क मिळतात. त्यात वाईट काही नाही, मार्क असेनात का, शिकवतात तर मनापासून. पण तास भरले, पुढे त्याच विभागाच्या उडान महोत्सवासाठी पथनाट्याची तालीम सुरू झाली, मग त्यांच्या शाळेतल्या इंटर्नशिप, मग परीक्षा, आणि आमचा वर्ग हळूच बंद. जानेवारीनंतर धड दोन शनिवार सलग वर्ग झाला नाही. आणि वर्ग नाही हे कळवलं कसं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकून. अहो ज्यांना अजून वाचता येत नाही म्हणून वर्ग काढलाय त्यांना मेसेज?? मावशी दोन शनिवार उन्हात जाऊन बंद गेट बघून परत आल्या, दोन्ही वेळा एका घरचं काम बुडवून. मी ऑफिसात जाऊन बोलले, सर म्हणाले बघतो. एक व्हॉइस मेसेज टाकला असता तरी भागलं असतं.

कार्यक्रमांचं म्हणाल तर ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, त्याला जा किंवा जाऊ नका, भाषणंच जास्त. शिकणाऱ्या बायका मागच्या खुर्च्यांवर आणि पुढे सगळे पाहुणे. चहा मात्र चांगला होता.

वर्गखोली दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगा, खाली लॅबमध्ये बसवतात. पाचातले साडेतीन स्टार, अर्धा त्या पुठ्ठ्याच्या मोबाईलचा. जूनमध्ये नवी बॅच आली की नाव घाला म्हणजे दिवाळीपर्यंत बरंचसं पदरात पडतं. मावशींचा वजाबाकीचा हातचा राहिलाय, तो सध्या मी ओट्याशी उभी राहून शिकवतेय, आणि माझा पेशन्स कसा आहे ते वर सांगितलंच.