वाहू किकर कोर : कोल्हापूरच्या पावसाळ्यात पारखलेला सायकल ट्रेनर

गोव्याची आयर्नमॅन 70.3 ही ट्रायथलॉन शर्यत येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणं. म्हणजे सायकलिंगचे सगळ्यात कसाचे आठवडे नेमके जुलै-ऑगस्टात पडतात. तेव्हा राजाराम बंधारा पाण्याखाली असतो, गगनबावड्याच्या बाजूला धुवाधार चालू असते आणि पन्हाळ्याच्या घाटात धुकं उतरलेलं असतं. पाऊस सरला की गळीत हंगाम सुरू, मग पहाटेच्या अंधारात मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. बारमाही सराव करायचा तर इथे घरात डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर लागतोच, म्हणजे मागचं चाक काढून सायकल ज्यावर थेट चढवतात तो. त्यासाठी वाहू कंपनीचा किकर कोर पुरेसा आहे. त्याच्या वरचं मॉडेल घेण्याऐवजी उरलेले पैसे पंखा आणि इन्व्हर्टरवर घालावेत.

हे परीक्षण 2018 साली आलेल्या पहिल्या आवृत्तीचं आहे. फ्लायव्हील (आत फिरणारं जड चाक) 5.4 किलोचं, कमाल ताकद 1800 वॉट, चढाची नक्कल 16 टक्क्यांपर्यंत, वॉट मोजण्याची अचूकता ±2 टक्के. वरच्या मॉडेलची, म्हणजे मोठ्या किकरची, अचूकता ±1 टक्का आहे आणि चढ 20 टक्क्यांपर्यंत जातो. पण 200 वॉटवर 2 टक्के म्हणजे फक्त 4 वॉट. रोज त्याच ट्रेनरवर बसणाऱ्याला या फरकाने काही बिघडत नाही. आपल्याकडच्या घाटरस्त्यांचा सरासरी चढ 16 टक्क्यांच्या निम्म्यालाही पोचत नाही.

जोडणी तासाभराची. या आवृत्तीच्या डब्यात कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) येत नाही, हे धरूनच हिशेब करा. मागच्या चाकावर जी आहे तशीच घ्या: तेवढेच गिअर, तेच दाते. 8, 9 किंवा 10 स्पीड असेल तर फ्रीहबवर (कॅसेट ज्यावर बसते त्या भागावर) आधी सोबत आलेली पातळ रिंग घाला, नाहीतर कॅसेट धरून ठेवणारं लॉकरिंग शेवटपर्यंत आवळलं तरी कॅसेट खुळखुळते. लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळा. मागचं चाक धरणारी दांडी कोणती, लिव्हरची क्विक रिलीज 130 की 135 मिलीमीटर, की पेचाने आवळायचा 12 मिलीमीटर जाडीचा थ्रू ॲक्सल, ते पाहून योग्य बाजूचे अडॅप्टर बसवा. सायकल चढवताना चेन सगळ्यात लहान दात्यावर ठेवा.

डिस्क ब्रेकची सायकल असेल तर चाक काढल्या काढल्या कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड असतात त्या भागात) प्लास्टिकचा पॅड स्पेसर सरकवा. मध्ये रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) नसताना चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि रविवारी पहाटे चाक बसत नाही. स्पेसर हरवला असेल तर दोन-तीनदा घडी घातलेला जाड पुठ्ठाही चालतो.

गिअर कुरकुरले म्हणून ट्रेनरला दोष देऊ नका. चाकावरची आणि ट्रेनरवरची कॅसेट केसभर पुढेमागे असते. गिअरच्या केबलचा ताण बदलणारा बॅरल ॲडजस्टर पाव फेरा फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. किती फिरवला ते लक्षात ठेवा, रस्त्यावर जाताना तेवढाच उलटा फिरवायचा आहे.

स्पिनडाउन, म्हणजे कॅलिब्रेशन, थंड ट्रेनरवर करू नये. बेल्ट आणि बेअरिंग गरम झाल्यावर घर्षण बदलतं, त्यामुळे आधी 10 मिनिटं चालवा. मग ट्रेनरचं ॲप सांगेल त्या वेगाला नेऊन पाय थांबवा आणि फ्लायव्हील आपोआप मंदावू द्या. ट्रेनर एका खोलीतून दुसरीकडे हलवला तरी पुन्हा करा. लॅपटॉपला ट्रेनर सापडत नसेल तर फोनवरचं ॲप आधीच त्याला धरून बसलंय का, ते पाहा.

खरी गंमत अर्ग मोडमध्ये आहे. आकडा ठरवला की ट्रेनर तेवढे वॉट धरून ठेवतो, गिअर कुठलाही असो. यात नवख्यांची एक फजिती ठरलेली: पाय दमले, केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) 90 वरून 70 वर आली की तेच वॉट राखण्यासाठी ट्रेनर आणखी जड होतो, केडन्स आणखी पडते आणि शेवटी पाय जागीच अडकतात. उपाय असा की इंटरव्हल सुरू व्हायच्या 5 सेकंद आधीच केडन्स 5-10 ने वाढवा. अर्ग मोडमध्ये पुढच्या, म्हणजे पेडलजवळच्या, दातेरी प्लेटपैकी लहान वापरा. फ्लायव्हील सावकाश फिरतं, त्यामुळे ताकद चटकन बदलते आणि आवाजही कमी होतो. रस्त्यासारखा ओघ हवा असेल तेव्हा मोठी प्लेट.

आकडे काढण्यासाठी रॅम्प टेस्ट सोपी: दमून थांबेपर्यंत वॉट टप्प्याटप्प्याने वाढत जातात. शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाचे 75 टक्के म्हणजे अंदाजे तुमचा एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल अशी ताकद. मिनिट 280 वॉटचं असेल तर एफटीपी 210. एफटीपी 200 असलेल्याने आठवड्यात एकदा 176 ते 186 वॉटवर 20 मिनिटांचे दोन तुकडे करावेत, मध्ये 5 मिनिटं सैल. दुसऱ्या दिवशी एरोबारवर (कोपरं टेकून पुढे वाकायच्या हँडलवर) 150 ते 160 वॉटने 30 मिनिटांचे तीन. गोव्याच्या 90 किलोमीटरला हौशी माणसाला साधारण हीच ताकद झेपते, आणि ती एरोबारवर वाकलेल्या अवस्थेत टिकवायची सवय ट्रेनरवरच सगळ्यात चांगली लागते. मात्र ट्रेनरवर सायकल डुलत नाही, बूड एकाच जागी दबतं. दर 10 मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पेडल मारा.

आता पंखा. पावसाळ्यात कोल्हापुरात घरातली हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही. वॉट तेच असले तरी नाडी मिनिटामिनिटाला वर चढत जाते. टेबल फॅनचं हे काम नाही. मोठा पेडेस्टल फॅन समोरून थेट छातीवर लावा. सत्राआधी आणि नंतर वजन करा. मध्ये पाणी प्यायला नसाल तर 1 किलो घट म्हणजे सुमारे 1 लिटर घाम. मेडिकलमधली ओआरएसची पुडी 1 लिटर पाण्यात नीट बसते, पण त्यात साखर थोडी असते. दोन तासांच्या सत्राला खाणं वेगळं लागेल.

हा घाम सायकलची वाट लावतो. थेंब हँडलवरून स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टवर आणि तिथून हेडसेटच्या (हँडल वळतं त्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये जातो. बार टेपखालचं ॲल्युमिनियम पांढरं पडून पोखरलं जातं आणि वरून काहीच दिसत नाही. हँडलवर टॉवेल टाका, उतरल्यावर ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं करा आणि पावसाळा संपला की टेप एकदा उलगडून पाहाच.

लाइट गेली की किकर कोरचा ब्रेक सुटतो, पाय हवेत फिरल्यासारखे फिरतात. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. इको मोडमध्ये पुरवठा बदलायला जास्त वेळ लागतो आणि ट्रेनर बंद पडून पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर नसेल आणि तुमच्या भागात लाइट वारंवार जात असेल, तर टॅक्स निओ 2टी हा दुसरा ट्रेनर पाहा. तो विजेशिवायही चालतो, फक्त उताराची नक्कल तेव्हा होत नाही. महाग आहे, पण अशा घरात तोच योग्य.

आवाजाचं म्हणाल, तर ट्रेनरपेक्षा पंखा आणि चेनच जास्त वाजतात. फ्लॅटमध्ये त्रास होतो तो थरथरीचा. ती खालच्या मजल्यावर उतरते, म्हणून जाड रबरी मॅट हवीच.

घाटाचा उतार, ओल्या वळणावरचा ब्रेक, वाऱ्यात सायकल धरणं, चालत्या सायकलवर बाटली काढणं, यातलं काहीही ट्रेनर शिकवत नाही. सप्टेंबरात उघडीप मिळाली की रविवारी पन्हाळा-जोतिबा कराच. जायच्या आधी चाक बसवताना पॅड स्पेसर काढला का आणि थ्रू ॲक्सल पूर्ण आवळला का, हे हाताने तपासून मगच बाहेर पडा.