सहा फुटी लाँगपोल, झोन डिफेन्स आणि एक रबरी बूच: पाच महिन्यांनंतर

पाच महिने वापरला म्हणून लिहितोय असं म्हणायला हवं. खरं तर गेल्या रविवारी डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

मार्चमध्ये बाल्टिमोरजवळच्या आमच्या पस्तिशीपुढच्या लॅक्रॉस टीमसाठी (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) ॲल्युमिनियमचा लाँगपोल, म्हणजे बचाव करणाऱ्याची लांब काठी, घेतला. कार्बनचा दुप्पट महाग. वरच्या पैशात मुलाचे वर्षभराचे बूट येतात. मॅन-टू-मॅन, म्हणजे ज्याने-त्याने एकेका माणसामागे धावत, खेळून आमचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून टीमने ३-३ झोन धरला: तीन वर, तीन गोलजवळ. मी खालच्या मधल्या जागेवर, क्रीजच्या, म्हणजे गोलभोवतीच्या वर्तुळाच्या, तोंडाशी. माणसामागे धावायचं नाही, जागा सोडायची नाही आणि काठी पासच्या वाटेत उभी धरायची. कबड्डीत साखळी धरलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. ४०-४२ इंची काठीवाल्याच्या डोक्यावरून जाणारा पास ७२ इंची काठी सहज अडवते. मैदानात एका टीमचे असे लाँगपोल चारच चालतात, त्यामुळे आपण कुणीतरी खास आहोत असंही वाटतं.

जूनमध्ये लिहिलं असतं तर पाचही तारे दिले असते.

जुलैत समोरच्यांना आमचं गणित कळलं. आमच्या मेरिलँड राज्याचा २००४ पासूनचा अधिकृत सांघिक खेळ हा. ती मंडळी शाळेपासून खेळलेली. शेजारच्याला पास न देता मधला माणूस वगळून थेट पलीकडे फेकायला लागले. चेंडू पोचायच्या आत सहाही जणांनी सरकायचं. आम्ही चारजण सरकायचो, दोघं श्वास घ्यायचे. चेंडू गोलच्या मागे गेला (तिथेही खेळ चालतो) की आमच्या माना मागे आणि गोलकडे धावणारा त्यांचा कटर पाठीमागून आत. कॉलेजात २०१९ पासून ८० सेकंदांचं घड्याळ आहे, तेवढ्यात गोलवर चेंडू मारावाच लागतो, म्हणून तिथे झोन लावून समोरच्याचा वेळ खाता येतो. आमच्या लीगमध्ये घड्याळच नाही. ते निवांत पास करत बसतात, दमतो आम्ही. यात काठीचा दोष नाही, मान्य.

दोष बुचाचा आहे.

पोकळ काठीच्या टोकाला रबरी बूच लागतंच, नाहीतर काठी बेकायदा. माझं मेमध्ये सैल झालं, जूनमध्ये दोनदा गवतात शोधलं, आणि रविवारी चौथ्या क्वार्टरमध्ये पंचाने उघडं टोक पाहून मला बाहेर बसवलं. सहाच्या झोनचा पाचाचा झाला. मधली जागा माझीच, आणि गोल तिथूनच झाला. एका गोलाने हरलो. काठीला पोचासुद्धा नाही!

दुकानदाराला मेल केली. उत्तर: ‘नेहमीची झीज वॉरंटीत बसत नाही.’ नवं बूच अडीच डॉलर, पोस्टेज सात. अडीचच्या बुचाला सात डॉलर देणार नाही. टीममधल्या एकाच्या मोडक्या काठीचं काढून घट्ट बसवलंय, वर काळी टेप गुंडाळलीय. परवाच्या सरावात टिकलं.

साडेतीन तारे. कापलेला दीड पूर्णपणे बुचाचा.